टॉवेल

पौष महिना. गड्ड्याची जत्रा नुकतीच उठलेली,
पाळण्यांचे खांब अजून मैदानात आडवे.
कंबर तलावावर सकाळी सातला
सगळे कानटोप्या घालून आलो होतो.
माझी नऊ वाजता खिशात गेली
आणि तिथंच राहिली.

जलपर्णी काढायची होती.
पाण्यातून काठावर, काठावरून ट्रॉलीत,
या हातातून त्या हातात पाट्या.
डावीकडं रेल्वेतून रिटायर झालेले एक काका,
उजवीकडं कॉलेजचं पोरगं, कानात बाळी.
नावं विचारायला सवड नव्हती.
पाटी आली की घ्यायची, गाळ ठिबकणारी,
वळायचं, द्यायची.
घ्यायची, वळायचं, द्यायची.
वीस वर्षं मागावर धोटा असाच
इकडून तिकडं जाताना बघतोय,
त्या दिवशी त्याच्या जागी मी.

पाण्यावरून गार वारा येत होता.
त्यानंच दगा दिला.

आता आम्ही सोलापूरचे. उन्हाचं आम्हाला कोण सांगणार?
मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला
की पुण्याच्या पाहुण्यांपुढं छाती काढून बसतो,
जसं काही ते ऊन
आमच्याच एमआयडीसीत तयार होतं.
जानेवारीतल्याला आम्ही ऊन म्हणतच नाही.

काकांनी एकदा गळ्यातला टॉवेल काढून पुढं केला.
"डोक्यावर घ्या, मान उघडी आहे तुमची."
मी हसलो. राहू द्या म्हटलं, पौषातलं ऊन ते.
आणि मनात म्हटलं,
टॉवेल मला दाखवताय?
या हातांखालून रोज डझनांनी निघतात,
परदेशातल्या कुणाकुणाच्या ओल्या पाठी पुसतात.

अकराला आटपणार होतं.
भोंग्यावरून यमूल सर म्हणाले,
अजून एकच ट्रॉली, मग सुशीला खायला या.
असं ते चार वेळा म्हणाले.
अडीच वाजता द्रोणात सुशीला आला, गार,
शेंगदाणे तळाशी,
आणि त्याइतकं चवीचं मी वर्षभरात काही खाल्लं नव्हतं.

रात्री अंघोळीचा पहिला तांब्या मानेवर ओतला
आणि असा ओरडलो
की शेजारच्या बोल्ल्यांनी दार वाजवलं.
आई म्हणाली, "एंड तगिलिंदि रा."
ऊन लागलं.
तेलुगूत काय, मराठीत काय, लागतंच ते,
गर्दीत अनोळखी खांदा लागावा तसं,
मागं वळून बघेपर्यंत निघून गेलेलं.

भाग्यलक्ष्मीनं दही लावलं.
बनियनच्या पट्ट्या पांढऱ्या, मधलं सगळं लालबुंद,
मनगटावर घड्याळाची फिकट चौकट.
डिझाइन बरं आलंय, ती म्हणाली,
रंग पक्का आहे की कच्चा?
आईनं तेवढ्यात दोरीवरचे टॉवेल मोजले.
मोठ्यानं.
नऊ भरले.

गुरुवारी अशोक चौकात
शेंगाचटणी घ्यायला थांबलो, तर पुढं एक मान.
कातडी पदर पदर सुटलेली, कानांच्या पाळ्यासुद्धा.
चेहरा दिसायच्या आधी ओळखलं.
"काका, तुमच्याकडं तर टॉवेल होता!"
"त्या पोराला भोवळ येत होती, बाळीवाल्याला.
ओला करून त्याच्या डोक्यावर टाकला."
"मग परत दिला का त्यानं?"
"नाव कुठं विचारलं होतं?"
दुकानदार आमच्या दोघांच्या माना बघत राहिला.
काका म्हणाले, बघता काय,
गावाचं नावच सोलापूर, सोलणारच की.

मी म्हटलं, आमच्याकडं सेकंडचा माल निघतो,
काठात एखादा धागा चुकलेला, बाकी उत्तम.
पत्ता सांगा, घरी आणून देतो.

पुडी पिशवीत टाकत ते म्हणाले,
"घरी कशाला? रविवारी तिथंच आणा.
अर्धा तलाव अजून हिरवाच आहे."

दोन आणायचे ठरवलेत.